दुसऱ्या वहीतली अठरा नावं

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त वजनमापे निरीक्षक, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यात माझं डोकं शाबूत असल्याचं म्हटलंय. अक्कल असल्याचं म्हटलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

१. पितळी वजनांची पेटी तराजू दुरुस्त करणाऱ्या मित्राला आजच दिली, कारण साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही म्हणे. त्यातलं पन्नास ग्रॅमचं वजन त्यानेच हरवलं, हे त्याने आता तरी कबूल करावं.

२. तळमजल्यावरचं माझं दोन खोल्यांचं घर ~~माझ्या मृत्यूनंतर~~ धाकट्या बहिणीला, चिमीला, द्यावं. मुला, तोंड फुगवू नकोस. तुझ्या पहिल्या दुकानाला मी पैसे दिले, ते बसल्यावर दुसऱ्यालाही दिले.

३. हे कलम लिहायला तीन दिवस लागले. मोबाइलवरून अनोळखी माणसांना थेट कर्ज द्यायचं, मध्ये बँक नाही, अशी एक सोय निघाली. चिमीचे चार लाख मी त्यात शंभर जणांना सारखे वाटले. वर्षभरात अठरा जणांनी पैसे बुडवले. त्यांची नावं मी ‘नंतर बघू’ म्हणून दुसऱ्या वहीत उतरवली आणि उरलेल्या ब्याऐंशी जणांवरच परतावा काढला. चौदा टक्के! वा रे निरीक्षक! शंभरच्या शंभर धरले असते, तर चार लाखांचे पावणेचार लाखही भरत नव्हते. पारड्याखाली मेण चिकटवणाऱ्या दुकानदारांना एकतीस वर्षं दंड ठोकला, आणि घरात मीच मेण लावून बसलो.

चौदा टक्के ऐकून चिमीने गुडघ्यांच्या ऑपरेशनचे तीन लाखही आणून दिले. “दादा, तू मोजलंस म्हणजे बरोबरच असणार.” दुसरी वही तेव्हा माझ्या मांडीखाली होती. तरी मी पैसे घेतले. त्यातलेही बरेच गेले. दोन वर्षं मी पेन्शनमधून तिला दरमहा ‘व्याज’ देतोय, आणि ती आमच्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून एकेका पायरीवर बसत उतरते. मुद्दल मागितलं की म्हणतो, “थांब जरा, वाढतंय.” लाज वाटते मला स्वतःची.

४. माझ्या गोपनीय अहवालात ‘नको इतका काटेकोर’ असा शेरा मारणाऱ्या साहेबांना काहीही नाही. त्यांचा शेरा खोटा होता, हे मीच सिद्ध केलं आहे.

५. बँकेतली शिल्लक ~~माझ्या मृत्यूनंतर~~ चिमीच्या गुडघ्यांसाठी. उरलं तर मुलाला.

६. ~~दुसरी वही पाकिटात बंद करून माझ्या मृत्यूनंतर चिमीला द्यावी.~~

खाडाखोडीचा खुलासा: सहीआधी मित्राने हे वाचलं आणि चष्मा काढून म्हणाला, “मेल्यावर सांगणार? मग ती भांडणार कुणाशी, तुझ्या फोटोशी?” म्हणून वही घेऊन तसाच चिमीकडे गेलो आणि सगळं वाचून दाखवलं. तिने अठरा नावं बोट ठेवून मोजली. म्हणाली, “पैसे गेले ते गेले. पण मी जिना उतरताना तू माझी पिशवी धरायचास. तेव्हाही गप्पच होतास?”

मी वही मिटली.

“आणि तळमजला मेल्यावर देणार होय? तोवर या गुडघ्यांना काय सांगू?”

तेव्हा ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द सगळीकडून खोडले आहेत. उद्या सकाळी ती खाली येते, मी वर जातो. मुला, दोन हमाल घेऊन आठपर्यंत ये.

चिमीने मला माफ केलेलं नाही. हे वाक्य तिच्या सांगण्यावरून लिहिलं आहे.

सही (खाडाखोडीवरही): निवृत्त निरीक्षक
साक्षीदार पहिला: तराजू दुरुस्त करणारा. वजन मी हरवलेलं नाही.
साक्षीदार दुसरी: समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई
ठिकाण: चिमीच्या दारासमोरचा जिना
तारीख: चौदा मार्च, शनिवार, संध्याकाळचे सात