बातमी दुप्पट वेगाने

तीर्थरूप ताईस, धाकट्या भावाचा सादर नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे व जेवण वेळेवर होते; काळजी नसावी. तुझा गुडघा कसा आहे?

येथील वैद्यकीय महाविद्यालयात मी हल्ली रुग्णाच्या नवऱ्याची भूमिका करतो. विद्यार्थ्यांनी मला ‘आपली पत्नी वाचू शकली नाही’ असे सांगायचे आणि अशी बातमी कशी द्यावी हे त्यातून शिकायचे.

परवा एक जण म्हणाला, "सर, समोरासमोर नको. तुमच्या संवादाचं रेकॉर्डिंग द्या, घरी दुप्पट वेगाने बघून टाकतो." साऱ्या वर्गाने माना डोलावल्या. प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, "हल्लीच्या मुलांना असंच आवडतं हो!"

माझा संताप अनावर झाला. आवडीनिवडी जेवणाच्या ताटापुरत्या असाव्यात! मी विचारले, "आणि नवरा रडू लागला, तर तेवढे पुढे पळवणार का?"

ताई, ही गेली तेव्हा डॉक्टरांनी मला दारातच, उभ्याउभ्या एका वाक्यात सांगितले आणि ते निघून गेले. मी त्यांच्या पाठीला ‘थँक यू’ म्हणालो. तेही असेच शिकले असावेत.

रेकॉर्डिंगला मी साफ नकार दिला आहे. ज्याला शिकायचे असेल, त्याने माझ्यासमोर खुर्चीत बसावे आणि मी बोलेपर्यंत उठू नये.

काल एका मुलीला बराच वेळ बसावे लागले.

तुझा,
भाऊ