समोरचा लाइट खाली करत नाही

४ नोव्हेंबर, संध्याकाळी ८

आज ऑफिसमधून येताना सोसायटीच्या गेटच्या खांबाला गाडी लागली. खांब तिथे पंधरा वर्षं उभा आहे, पण मुद्दा तो नाही. समोरून एक गाडी आली होती, तिला बाहेरून बसवलेले ते पांढरेफटक दिवे. डोळ्यांपुढे नुसता चुना. बायको शेजारी होती. तिचं म्हणणं, ती गाडी उभी होती आणि दिवे साधेच होते. हिचं लक्ष भाजीच्या पिशवीत होतं.

निश्चय : या प्रखर दिव्यांविरुद्ध मोहीम उघडायची. सुरुवात पेपरला पत्राने.

६ नोव्हेंबर

पत्र टाकलं. वाहनचालकांच्या डोळ्यांत चांगलं अंजन घातलंय.

आमच्या विमा कंपनीत मी क्लेम खात्यात. अपघाताच्या दर दुसऱ्या अर्जात एकच वाक्य असतं, समोरच्याच्या लाइटमुळे दिसलं नाही. आजवर मी ते वाचून हसायचो आणि क्लेम परत पाठवायचो. माझ्या खांबाचा क्लेम मात्र खरा आहे. तेच वाक्य लिहिलं, दुसरं काय लिहिणार?

९ नोव्हेंबर

लेकीचा फोन. २८ तारखेला येतेय, नातवाला घेऊन! आठ महिन्यांचा झाला, अजून मी त्याला फोनच्या काचेतूनच पाहिलाय. जावईबापूंना रजा नाही. रेल्वे संध्याकाळी साडेसातला स्टेशनात येते. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, न्यायला मी येणार, आपल्या गाडीने. शाळेतून, क्लासमधून, परीक्षेहून, लेकीला नेहमी मीच आणलंय. नातवाने आजोबाला पहिल्यांदा बघावं ते स्टीअरिंगवर.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, अंधार पडलेला असेल, टॅक्सी सांगू. मग म्हणाली, डोळे तरी तपासून घ्या. माझे डोळे ठणठणीत आहेत. पेपर मी अजून चष्म्याशिवाय धरतो. वाचतो चष्म्याने, पण धरतो चष्म्याशिवाय.

१२ नोव्हेंबर

सोसायटीची मीटिंग. मी ठराव मांडला : बाहेरून प्रखर दिवे बसवलेल्या गाड्यांना आवारात बंदी. तळमजल्यावरच्या प्राध्यापकांनी विरोध केला. म्हणाले, रस्त्यावरचे दिवे मिणमिणते, वयस्कर माणसांना जास्त उजेड लागतो. दोष दिव्याचा नाही, तो कुठल्या कोनात बसवलाय त्याचा आहे. प्राध्यापक मुद्देसूद बोलतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात मजा नाही. मी आवाज चढवला आणि प्रश्न मिटवला.

ठराव एकमताने मंजूर. विरोधक तोवर जेवायला गेले होते.

१५ नोव्हेंबर

स्टेशनपर्यंत रंगीत तालीम. बरोबर ही. काहीही दिसलं नाही. एक वळण चुकलं आणि मालगाड्यांच्या फाटकाशी पोचलो. तिथला माणूस विचारत होता, माल काय आहे?

कारण कळलं. समोरच्यांचे दिवे सूर्यासारखे आणि माझे कंपनीचे पिवळट. येताना ही फोनवर टॅक्सीचे दर बघत बसली. हिचं बोलणं परवडतं.

१६ नोव्हेंबर

दिवसभर विचार केला. समोरचा काठी घेऊन आला असताना आपण हात जोडून उभं राहणं याला तत्त्व म्हणत नाहीत, बावळटपणा म्हणतात.

संध्याकाळी गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, तुमच्या गाडीची दिव्याची वाटी जुन्या बल्बसाठी आहे, तिच्यात हा पांढरा घातला तर उजेड रस्ता सोडून सगळीकडे जाईल. वाटीसकट बदलू, कोन लावू, रविवारी या. रविवारपर्यंत कोण थांबणार? आत्ता बसव म्हटलं. तो म्हणाला, निदान थोडा खाली तरी लावतो. मी म्हटलं, लांबचं दिसेल असा लाव. लांबचं म्हणजे किती, काका? मी म्हटलं, सगळं.

मोहीम चालूच राहील. त्यांचे दिवे मिरवायला असतात, माझे स्वसंरक्षणासाठी.

१७ नोव्हेंबर

वा! काय उजेड! झाडांचे शेंडेसुद्धा स्पष्ट दिसतात. रस्ता तितका नाही, पण रस्ता आपल्याला माहीतच असतो.

आणि लोकांचा मान! समोरून येणारा प्रत्येक जण दिवे उघडझाप करून सलाम करतो. एका ट्रकवाल्याने तर काच खाली करून हात उंचावला, काहीतरी म्हणालाही. हिने पदर तोंडावर ओढला होता. उजेड सहन होत नसेल. लाज वाटते असं काहीतरी पुटपुटत होती.

२० नोव्हेंबर

प्राध्यापक दारात. माझी गाडी आत वळली की त्यांच्या बेडरूमच्या भिंतीवरची कोळिष्टकं दिसतात म्हणे. मी म्हटलं, मग झाडून घ्या. फायदा सांगायला आले की तक्रार करायला, तेच कळेना.

गेटवरच्या वॉचमनने मला माझाच ठराव दाखवला. मी त्याला ठरावामागची भावना समजावून सांगितली. त्याला भावना समजली, पण त्याने गेट उघडलं नाही. तूर्त गाडी बाहेर रस्त्यावर लावतोय. कायदा पाळणारा माणूस कसा असतो, ते लोकांना दिसू दे.

२४ नोव्हेंबर

पत्र छापून आलं! ‘प्रखर दिव्यांची गुंडगिरी’, खाली माझं नाव. ऑफिसात अभिनंदन. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत. संध्याकाळी त्याला घरी सोडायला निघालो. दिवे लावले आणि दुसऱ्या चौकात त्याला अचानक काम आठवलं. उतरताना फार गंभीर होता.

खांबाचा क्लेम नामंजूर. आमच्याच खात्यातून. शेरा : कारण नेहमीचे.

२७ नोव्हेंबर

उद्या! गाडी धुतली. मागे बाळाची सीट बसवली, पट्टे चार वेळा ओढून पाहिले. माझ्या ऑफिसच्या बॅगेला त्या सीटवर बसवून एक चक्कर मारली. बॅग हलली नाही.

ही स्वयंपाकघरात फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी गेलो तर एकदम हवापाण्याच्या गप्पा. मी तिला म्हटलं, तू घरी थांब, मी एकटाच जातो आणि दोघांना घेऊन येतो. लगेच हो म्हणाली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतक्या लवकर ही कशालाच तयार झाली नव्हती. शेवटी विश्वास बसला.

२८ नोव्हेंबर, रात्री ११

जसं झालं तसं लिहितो.

साडेसहाला निघालो. मोठा रस्ता खणलेला, म्हणून एका नव्या गल्लीत वळलो. गल्लीच्या टोकाला समोर एक गाडी. दिवे पूर्ण माझ्या तोंडावर. मी उघडझाप केली. त्यानेही केली. मी थांबलो, तोही थांबला. मी हॉर्न वाजवला, तो ढिम्म. असली माणसं. मी ठरवलं, मागे घ्यायची नाही. पेपरात नाव छापून आलेल्या माणसाने मागे घ्यायची म्हणजे काय? दिवे लावूनच बसलो. तोही बसला.

सात वाजले. साडेसात वाजले. लेक उतरली असेल, नातू तिच्या कडेवर, आणि ती मला शोधत असेल. शेवटी दार उघडून उतरलो. तोसुद्धा उतरला. माझ्याच वयाचा, पोट सुटलेला. मी हात उगारून पुढे गेलो, तर तोही हात उगारून माझ्याच अंगावर. मी ओरडलो, लाज वाटत नाही? माझा नातू तिकडे स्टेशनवर ताटकळतोय!

तेवढ्यात बाजूच्या केबिनमधून तिथला वॉचमन आला, डोळ्यांवर आडवा हात धरून. म्हणाला, साहेब, ही आमच्या बिल्डिंगची काच आहे. नवीन बसवलीय. मघापासून हात करतोय, तुम्हाला दिसेना. तेवढा लाइट खाली करता का?

पुन्हा वाट चुकत स्टेशनवर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, फलाटावर झाडू मारत होते. लेकीला फोन लावला. ती घरी होती. जेवणं झाली होती, बाळ झोपलं होतं. हिने कालच टॅक्सी ठरवली होती आणि स्वतः जाऊन दोघांना घेऊन आली होती. लेकीलाही आधीपासून माहीत होतं. मी विचारलं, मग मला कशाला जाऊ दिलं? ती म्हणाली, बाबा, आई म्हणाली, नको म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. दिवे बंद करून थोडा वेळ गाडीतच बसलो. रिकाम्या सीटचे पट्टे उगाच सारखे केले.

३ डिसेंबर

पांढरे दिवे काढून टाकले. नातू माझ्याकडे बघून हसतो. दिवसा.

लेक स्वतः हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. मी विचारलं, हे लोकांच्या प्रखर दिव्यांमुळेच ना? डॉक्टर म्हणाले, वयामुळे.

१० डिसेंबर

परवा संध्याकाळी लेक परत जाणार. या वेळी कोणी सुचवायच्या आत मीच जाहीर केलं, टॅक्सीने जायचं. समजूतदारपणा वेळेवर दाखवला तर त्याला किंमत असते. त्याच टॅक्सीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ती तर काकूंनी मागेच सांगून ठेवलीय. एवढंच नाही, कोण कुठे बसणार तेही ठरलंय : पुढे लेक, मागे काकू आणि बाळाची सीट, त्यांच्या मधे काका. काकांना पुढे बसू द्यायचं नाही, ते समोरच्यांशी भांडतात.

मी विचारलं, मधे बसल्यावर बाळाचा हात धरता येईल ना?

तो म्हणाला, ते काकूंना विचारा.