साळूआत्याची बारव

मु. पो. बोरजाईवाडी, ता. खटाव
४ मार्च १९७३

ती. लीलाताईस,
अर्जुनाचा सविनय जय भीम. वि. वि. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तुझी सांगलीची मंडळीही बरी असावीत. आबांचा खोकला कमी आहे. कामावर मिळणारी सुकडी आवडत नाही म्हणतात, पण घरात कुणी नसलं की डबा हलका होतो.

मी रस्त्याच्या दुष्काळी कामावर मुकादम झालो. काल ओव्हरसियर म्हणाले, गावाबाहेरची पायऱ्यांची जुनी बारव ओस पडली आहे, तिचे दगड खडीला घ्या. मी लगेच हो म्हटलं. आपल्या आत्याला जिनं गिळलं, तिच्यावर पहिला घण मीच घालणार. पंचावन्न वर्षं तिचं पाणी कुणी पीत नाही. आत कुणीतरी ओंजळीनं पाणी पितं, तो आवाज येतो म्हणून माणसं मान खाली घालून पुढं जातात. एकदाचं संपून जाऊ दे. आबांना अजून बोललो नाही.

मुलांना गोड पापा. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
अर्जुना


सांगली
१० मार्च १९७३

चि. अर्जुनास,
जय भीम व पुष्कळ आशीर्वाद. तू पलटणीतून घरी आलास, पण तुझं लेफ्ट-राइट काही थांबलं नाही. हुकूम आला की निघालास घण घेऊन! आधी आबांना विचार.

लहानपणी मी एकदा चोरून बारवेत डोकावले होते. आबांनी मला थोबाडीत मारली आणि मग स्वतःच रडले. त्यानंतर त्यांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही. साळूआत्याचं विचारलं की ते एकच वाक्य सांगतात, पाण्याला गेली आणि पाय घसरला. तेच शब्द, त्याच क्रमानं. अठरा वर्षं शाळेत शिकवते आहे मी. पाठ केलेलं कसं ऐकू येतं, ते मला कळतं.

फोडण्याआधी एकदा खाली उतरून तर बघ. प्रकृतीला जप.
तुझी,
ताई


बोरजाईवाडी
१९ मार्च १९७३

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि. दगडांवर चुन्याच्या खुणा करायला भर दुपारी बारवेत उतरलो. ताई, वर डोकं भाजत होतं आणि दुसऱ्या टप्प्यावर अंगावर काटा येईल एवढा गारवा. कमानीखाली कमान, खांबांवर दगडी कमळं, आणि एक हत्तीण सोंडेनं पिलाला जवळ ओढतेय. तिच्या पाठीवरनं मी हात फिरवला. बांधणाऱ्याचं नाव कुठंच नाही. पारवे उडाले आणि सगळं गप्प झालं. तेव्हा खालच्या अंधारातून आवाज आला. ओंजळीनं घाईघाईनं पाणी पिण्याचा. तळाला तर नुसता वाळलेला गाळ. पासष्टच्या लढाईत मी घाबरलो नव्हतो, इथं पायरीवर बसलो. खुणा न करताच वर आलो.

घरी आबांना सगळं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले. मग बोलले. तेव्हाही असाच दुष्काळ, ते नऊ वर्षांचे. त्या पाण्याला आपल्या माणसांनी हात लावायचा नव्हता. आबांनी पाण्यासाठी हट्ट धरला म्हणून आत्या त्यांना वर बसवून खाली उतरली. गावानं बघितलं. वरून दगड पडायला लागले. आत्या वर आलीच नाही. फौजदार आला, त्याच्या आधी पाटलांनी आबांना काय बोलायचं ते शिकवलं होतं. आबा म्हणाले, ‘तवापासनं त्येच बोलतूय.’

आणि माझा हात धरून म्हणाले, ‘बारव फोडू नगंस. ती हाय म्हणून लोक मान खाली घालून जात्यात. ती गेली, की काय झालंच न्हाई.’

मी काय करू, ते लगेच लिही.
तुझा,
अर्जुना


सांगली
२३ मार्च १९७३

चि. अर्जुनास,
आशीर्वाद. पत्र शाळेत वाचलं आणि पुढचा तास घेऊ शकले नाही.

घण हातात घेऊ नकोस. कलेक्टरसाहेबांसाठी अर्ज सोबत जोडला आहे. कमानींचं आणि हत्तिणीचं त्यात लिहिलं आहे, आत्याचं लिहिलेलं नाही. ते सांगायचा हक्क आबांचा. अर्ज घेऊन तू स्वतः साताऱ्याला जा. मुकादमी गेली तर जाऊ दे. आबांना एकटं सोडू नकोस.
तुझी,
ताई


बोरजाईवाडी
२ मे १९७३

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि. साताऱ्याला तीन खेपा झाल्या. तोवर ओव्हरसियरनं मला काढून दुसरी टोळी लावली. वरचा कठडा गेला, दोन खांबही गेले. तिसऱ्या दिवशी टोळीतल्या बायकांनी तो आवाज ऐकला आणि पाट्या टाकून वर पळाल्या. नवा मुकादम ओरडत राहिला, एकही बाई खाली उतरेना. त्या खोळंब्यात कलेक्टरांचा हुकूम आला की बारव फोडू नये, गाळ काढावा. मला परत कामावर घेतलं. मी आधी खाली उतरलो, मग गडी गाळ काढायला आले. हत्तीण शाबूत आहे.

आज सकाळी गाळाखाली पाणी लागलं. सगळं गाव काठावर जमलं, पण ते पाणी भरायला पहिलं पाऊल कोण टाकणार? आबा काठी टेकत आले आणि अर्ध्या पायऱ्या उतरून थांबले. मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘माझी भन घसरली न्हवती. तिला दगडं मारली. मी बगितलंय.’

आणि तिथंच पायरीवर बसले. पाटलाच्या घरातली म्हातारी पारूबाई यंदा आमच्याच कामावर पाट्या उचलते. ती गर्दीतून पुढं आली, पायऱ्या उतरून आबांपाशी बसली. म्हणाली, ‘मी सात वर्साची हुते. समदी टाकत हुती, म्हणून मीबी एक टाकला. लेकरांस्नी कवाच सांगितलं न्हाई.’

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही, पण ते उठलेही नाहीत. दोघं हातभर अंतर ठेवून पाण्याकडे बघत बसले. काठावर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. दोन महिने पाण्यासाठी कोसभर चालणाऱ्या बायका, पण त्या दोघांना ओलांडून खाली उतरायला एकीचाही पाय उचलेना.

आबा अजून तिथंच आहेत. त्यांना आणायला निघतो, म्हणून इथंच थांबतो. आहे तो जीव असाच लावत राहा.
तुझा,
अर्जुना