बाबांनी विचारलेला प्रश्न

प्रिय बाबा,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे. जाड मोजे घेतलेत, असं आईला सांगा.

मागे तुम्ही फोनवर विचारलं होतं, "काकाच्याही यकृतात कॅन्सर, माझ्याही. मग त्याला लागू पडलेलं औषध मला का नाही? माझंच शरीर नेभळट का?" मी इथे संशोधनाला तोच प्रश्न घेतला.

काल ते काम सगळ्या विभागासमोर मांडलं. काकासारख्या यकृतातच सुरू झालेल्या गाठी आणि तुमच्यासारख्या आतड्यातून तिथे पोचलेल्या गाठी, दोन्हींचे नमुने आम्ही तपासले. पहिल्यांमध्ये रोगाशी लढणाऱ्या पेशी बऱ्याचदा आत सापडल्या, पण दमलेल्या. ते औषध अशांना उभारी देतं. दुसऱ्यांमध्ये त्या बहुतेक कडेलाच अडलेल्या होत्या. म्हणजे शरीर नेभळट नसतं, बाबा. त्याच्या पेशींना गाठीत शिरायला वाट मिळत नाही.

आमच्या प्रमुख बाई सहसा कौतुक करत नाहीत. त्या म्हणाल्या, "प्रश्न नेमका धरलास. सुचला कसा?"

"माझ्या बाबांनी विचारला," मी भरल्या सभेत सांगितलं. इतक्या अभिमानाने मी आजवर काही बोलले नव्हते.

यातून औषध निघायला वेळ लागेल, हे लपवत नाही. आई फोनवर "सगळं ठीक" म्हणते आणि विषय बदलते. तुम्हाला जेवण जातंय ना?

या कामावरच्या लेखात तुमचे आभार मानायचे आहेत. बाईंची हरकत नाही. तुमचा होकार मात्र समोर बसून घेणार आहे. रजा मिळाली, पुढच्या आठवड्यात येतेय.

आईला नमस्कार.

तुमची लाडकी,
धाकटी