डॅमसन, कॉरिंथ आणि प्रॉसरची डुकरं

१३ ऑक्टोबर १९५८
आणि म्हणे भांडकुदळ मी! मुकादम प्रॉसर महिनाभर मला "आयरिश बटाट्या" म्हणतोय, ते चालतं. आज सफरचंदं झोडताना म्हणाला, "त्या बारक्या जांभळ्या फळाचं, डॅमसनचं, नाव इथलंच, हेरफर्डशरचं. माझ्या पणज्यानं ठेवलं." मी म्हटलं, पणज्यानं गावाची वेस तरी ओलांडली होती का? लागली पैज. हरेल त्यानं आठवडाभर डुकरांचा कोंडवाडा साफ करायचा. निकाल शाळामास्तरांचा शब्दकोश देणार.

मला यातलं काय कळतंय? चौथीत शाळा सुटली. डिंफीला पत्र टाकलं. धाकटी बहीण, तिकडे आयर्लंडात नन्सच्या शाळेत जाते. फी माझ्याकडे. मोटारसायकल घेतल्यापासून, म्हणजे जूनपासून, पाठवणं जमलेलं नाही. पण नन्स काय लगेच हाकलतात होय?

२२ ऑक्टोबर
डिंफी लिहिते – "दादा, डॅमसन म्हणजे दमास्कसचं आलुबुखार." मास्तरांनी पान काढून मान डोलावली. प्रॉसर कोंडवाड्यात, आम्ही सगळे कुंपणावर. डुकरिणीनं त्याची टोपी खाल्ली.

२३ ऑक्टोबर
प्रॉसर बोलत नाही. वास मात्र येतो.

४ नोव्हेंबर
गेल्या आठवड्यात पुन्हा पैज लागली. केकमधल्या बारक्या मनुका, करंट – नाव कुठलं? प्रॉसर म्हणतो, "लंडनचं. फसवाफसवीचं सगळं तिथूनच येतं." डिंफीचं उत्तर – ग्रीसमधलं कॉरिंथ. प्रॉसर परत आत. डुकरांना आता नावानं हाका मारतो. थोरलीला बायकोचं नाव दिलंय. बायकोला अजून माहीत नाही.

१२ नोव्हेंबर
गुत्त्यात पंच प्यायलो. प्रॉसर म्हणे, "पंच म्हणजे ठोसा. प्यायल्यावर तोंडावर ठोसा बसल्यासारखं वाटतं, म्हणून ते नाव." डिंफीनं मागच्याच पत्रात कळवलं होतं – बहुधा हिंदुस्थानातलं. तिकडे पाचाला तसंच काहीसं म्हणतात. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला – झाले पाच. मास्तर म्हणाले, "तुझी बहीण वर्गात पहिली येत असणार." मी म्हटलं, येणारच. आपलं रक्त आहे.

पत्रात विचारलं – शाळेत एवढा मोठा शब्दकोश आहे?

२० नोव्हेंबर
उत्तर आलं. "शब्दकोश फादर मॅकगवर्नच्या घरी आहे, दादा. सप्टेंबरपासून मी त्यांच्याकडे लाद्या पुसते. फी आली नाही म्हणून आईनं शाळेतून काढलं. तुला कळवू नको म्हणाली. तुझं पत्र आलं की मी पुस्तकांवरची धूळ जरा सावकाश झटकते. अजून शब्द पाठव."

२१ नोव्हेंबर
मोटारसायकल प्रॉसरनं घेतली. घासाघीस केली नाही, कशाला विकतोस तेही विचारलं नाही. डिंफीच्या फीसाठी पाठवतोय – अकरा पौंड, चार शिलिंग.