शाडूची बादली

३ सप्टेंबर
आईचं म्हणणं, वहिनीला दिवस गेलेत. म्हटलं, आई, ती सरडा आहे. "म्हणून काय झालं? पोट बघ तिचं. आणि दादाला जवळ फिरकू देत नाहीये, फिस्कारते." दोन शिंगांचा तो दादा, बिनशिंगाची ही वहिनी, नावं आईचीच. सुशाला फोटो पाठवला, जोडी त्याच्या ठाण्याच्या घरी जन्मलेली. सु. म्हणाला, "काकू बरोबर आहेत. ओल्या रेती-मातीची बादली ठेव, फूटभर खोल. बोगदा खणून आत अंडी घालतात. आणि लवकर कर, नेहमीसारखं नको."

८ सप्टेंबर
रेती आणायला आंबिवलीच्या नर्सरीत निघालेलो. स्टेशनबाहेर पक्या, नवी बाईक. "बस, एक चक्कर." चक्कर पार माळशेजपर्यंत. घाटात ढग अंगावर, मस्त गार. वहिनीचं खरं हवामान हे, तिकडे आफ्रिकेत अशाच डोंगरांत राहतात ते. आमच्याकडे डोंबिवलीत पंख्यापुढे फ्रीजरमधली बाटली ठेवून भागवतो. परत येईपर्यंत नर्सरी बंद.

९ सप्टेंबर
गॅलरीत गणपतीची बादली पडून आहे. आपला शाडूचा, बादलीतच विसर्जन. आई ती माती टाकू देत नाही, कुंड्यांत घालायची म्हणते, घालत नाही. म्हटलं माती ती मातीच. पाणी ओतून टाकलं, बादली पिंजऱ्यात. आई खूश. "बाप्पाच्या मातीत बाळंतपण. बघ, सगळं नीट होईल." पिंजऱ्याभोवती तिने जुनी साडी गुंडाळली. कोणी बघत असेल तर कॅमेलिऑन खणत नाही, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

१४ सप्टेंबर
वहि. बादलीत उतरते, खाजवते, परत वर. परत खाली. हसू आलं, माझ्यासारखीच, एका जागी बूड टेकत नाही. पिंजऱ्यात पाणी ठिबकायला लावलेली सलाईनची नळी चोंदलेली, साफ केली (वाटीतलं पीत नाहीत, थेंब पडताना दिसला तरच). सु.चा मेसेज: माती कशी आहे? लिहिलं, मस्त, ओली.
बघितली नव्हती.

१८ सप्टेंबर
दिवा गावात मामाकडे. वायरिंगला हात लावायला एका दिवसासाठी आलेलो, अजून इथेच. पाण्याची बोंब, सगळी बिल्डिंग टँकरमागे, मीही हंडे घेऊन. धमाल. दुपारी आईचा फोन. "वहिनी डोळे मिटून बसते रे."
"झोपली असेल गं."
"दुपारची?"

१९ सप्टेंबर
काळपट पडलीय. डोळे आत गेलेत. बादलीत हात घातला तर वीट. शाडू वाळली की काय होते हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, शाळेत दरवर्षी मूर्ती केल्यात. वरून सगळीकडे तिच्या नखांच्या बारीक रेघा. बोटाचं पेरही आत गेलेली नाही. एवढे दिवस ती जागा मागत होती आणि मी

२० सप्टेंबर
ठाणे. वहि. बुटांच्या खोक्यात, शेजारी फडक्यात गार बाटली. सु. ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. इंजेक्शन, कॅल्शियम. "अंडी अडकलीत. ऑपरेशन झेपणार नाही तिला. मऊ माती द्या, वाट बघा." रस्ताभर खोकं सु.ने स्वतःच धरलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं. रिक्षात बसताना फक्त, "एकदा पण हात नाही घातलास बादलीत?"

२१ सप्टेंबर
रेती आणली. त्याच नर्सरीतून. जाऊन-येऊन एक सकाळ. एवढंच होतं काम.

२३ सप्टेंबर
खणतेय! साडीच्या फटीतून नुसती शेपटी दिसली. आई आणि मी स्वयंपाकघरात कुजबुजत बोलतोय, कुकरसुद्धा लावला नाही तिने.

२४ सप्टेंबर
वहिनी गेली. बोगद्याच्या तोंडाशी, एक हात मातीवर. भोक अर्धंच बुजवलेलं. उरलेलं आईने हाताने बुजवलं. मग अंड्यांसाठी मला ते परत उकरावं लागलं. सात निघाली. बाकीची तिच्या पोटातच.
आई म्हणाली, "माती पवित्र होती रे."
हो म्हटलं. कडक होती, हे नाही म्हटलं.
दादाचा एक डोळा बादलीकडे, दुसरा माझ्याकडे. त्यांचे डोळे तसेच फिरतात, माहितीय मला.

३० सप्टेंबर
दोन अंड्यांना बुरशी. सु.: "अंडी माझ्याकडे आण. एसी आहे, कित्येक महिने गारवा लागतो त्यांना. तुझं काय, आज इथे, उद्या तिथे." खरंय. आईला पटत नाही. अंड्यांचा डबा तिने ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवलाय, फडकं सुकलं की भिजवते. वहिनीच्या वेळी तिने मला फोन केलेला. ह्या वेळी करणार नाही, स्वतःच बघेल.

११ ऑक्टोबर
ऊन असह्य. माठातलं पाणीसुद्धा कोमट वाटतं. पक्या म्हणतो गोकर्ण, आठवडाभर, आत्ता निघू. बॅग भरली. सु.ला मेसेज लिहिला, डबा घेऊन येतो आधी तुझ्याकडे. पाठवला नाही अजून. बाथरूमचा दिवा घालवून, अंडं न वळवता (वळलं तर आतला जीव दगावतो), मागे मोबाईलची टॉर्च धरली. शिरेसारखी लाल रेघ दिसल्यासारखी झाली. अंड्यातली की माझ्या बोटातली, कळेना.
बाहेरून आई, "आहे का रे?"
खाली पक्याचा हॉर्न.