आईनं घेतलेलं नाव

हिल्मार, कॅलिफोर्निया

प्रिय ओडीलिया,

कोर्टाचा लिफाफा तुला मिळाला असेलच. आईचं पालकत्व मागितलं की सगळ्या मुलांना कळवावं लागतं, तसा कायदाच आहे. तू उत्तर दिलं नाहीस. चौदा वर्षांचा अबोला तू एका कागदासाठी मोडशील, असं मलाही वाटलं नव्हतं. परवा निकाल लागला. आईनं कुठे राहायचं, कुठलं औषध घ्यायचं, सगळं आता मी ठरवायचं.

हौस नव्हती गं. इस्पितळात माझी सही चालेना. तिकडे आई पहाटे बादली घेऊन शेजारच्या बदामाच्या बागेत जाते आणि कधीच्या विकलेल्या गाईंना नावानं हाका मारते. मला ती कामवाली समजते. "बाई कामाला बरी आहे, पण तोंडाळ फार," असं शेजारणीला माझ्यादेखत सांगते. मीही मग तोंडाळपणा करतेच.

अर्ज केल्यावर कोर्टाची तपासनीस घरी आली. तिला पोर्तुगीज येईना, आईला इंग्रजी. फोनवरचा दुभाष्या काही मिळेना, तेव्हा ती म्हणाली, "त्या काय म्हणतात ते तुम्हीच सांगा मला." आई मी केलेला गोड पाव मजेत खात होती. बाईनं विचारलं, तुमच्या वतीनं कुणी निर्णय घ्यावेत? आईनं पदरावरचे, म्हणजे एप्रनवरचे, तुकडे झटकले आणि स्वच्छ सांगितलं, "ओडीलियानं. माझी धाकटी. हट्टी आहे, पण मला फसवायची नाही."

मी बाईला इंग्रजीत माझं नाव सांगितलं, "'लूर्देसनं,' असं म्हणतेय ती." तिनं लिहून घेतलं.

तू येणार नाहीस, आई परक्यांच्या हाती जाईल, अशी भीती वाटली, हे खरं. पण आधी आला तो राग. नऊ वर्षं न्हाऊमाखू घालते मी, आणि नाव तुझं!

कोर्टात जाऊन हे सांगायचं असेल तर सांग, मी नाकारणार नाही. पण आता उपयोग नाही. काल तिचे केस विंचरताना मी पुन्हा विचारलं, "ओडीलिया हवी का तुला?" ती म्हणाली, "ज्याला सवड असेल त्याला सांगा." तू घर सोडलंस तेव्हा, मेल्यावरही तोंड दाखवू नकोस, असं ती म्हणाली होती आणि तू तेच धरून बसलीस. तिला तूच हवी होतीस, हे तिलाही आता माहीत नाही. एकट्या मला माहीत आहे, आणि मी खोटं बोलून बसले आहे. म्हणून लिहिलं.

तुझीच,
लूर्देस